माती गेल्यावर साडेतीन लाख, माती राखणाऱ्याला काय?



हरभरा वर आलाय, ज्वारीला एक कोळपणी झाली, उसतोडीच्या गाड्या कारखान्याला गेल्या आणि गाव निम्मं मोकळं झालं. जरा उसंत आहे म्हणून लिहायला बसलो. विषय अनुदानाचा आहे. पण कुणाच्या खात्यावर पैसे पडले आणि कुणाच्या नाही, ती रड इथं मांडत नाही, ती रोज पारावर चालूच आहे. मला विचारायचंय ते असं, की जमीन आणि पाणी राखायच्या नावाखाली सरकार शेतमालकाला जो पैसा देतं, तो नेमका कशाचा देतं?

सप्टेंबरात काय झालं ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सिंदफणा, मांजरा, गोदावरी, सगळ्यांनी पात्र सोडलं. आष्टी, शिरूर, गेवराई, माजलगाव, कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी सोयाबीन पाण्यात आणि कापूस काळा. पीक गेलं त्याचं दुःख मोठंच, पण पीक पुढच्या साली परत येतं. ज्यांच्या रानातली मातीच गेली आणि खाली मुरूम उघडा पडला, त्यांचं काय गेलं ते शेतकऱ्यालाच कळतं. बापजाद्यांनी शेणखत टाकून टाकून केलेली जमीन एका रात्रीत गेली.

७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि मनरेगातून हेक्टरी ३ लाख रुपयांचं काम, असं सांगितलं. दोन्ही मिळून हेक्टरी साडेतीन लाखाला थोडं कमी. एकरावर आणलं तर १ लाख ४० हजार होतात. हे देऊ नये असं मी बिलकूल म्हणत नाही. नदीकाठच्या माणसाला तेवढ्यातही पुरं पडणार नाही, गाळाचा एक हायवा काय भावानं पडतो ते टाकणाऱ्याला विचारा.

पण जरा दुसऱ्या बाजूनं बघा. शेजारी शेजारी दोन शेतकरी आहेत, दोघांचं रान डोंगरउताराचं. एकानं दर उन्हाळ्यात बांधाला माती चढवली, सांडव्याला दगड लावला, उताराला आडवी पेरणी केली. दुसऱ्यानं ट्रॅक्टरवाल्याला सोपं पडतं म्हणून उभी नांगरट केली आणि बांध कोरून दोन तास जास्तीचे काढले. पाऊस दोघांवर सारखाच पडला. पहिल्याची माती जागेवर राहिली, म्हणून पंचनाम्यात तो 'खरडून गेलेली जमीन' या रकान्यात बसत नाही. दुसरा बसतो. पहिल्याला गेली दहा वर्षं त्या कामाचा एक रुपया मिळालेला नाही आणि पुढंही मिळणार नाही, कारण तसा रकानाच कुठल्या अर्जात नाही. माती गेल्यावर काय द्यायचं त्याचा भाव ठरलाय. माती राखायचा भाव कुणी ठरवलेला नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर नदीकाठचे भाऊबंद मला धरतील. नदी फिरली तिथं बांधानं काही होत नसतं. कितीही पक्का बांध असू द्या, सिंदफणेच्या पुरापुढं तो टिकत नाही. तो दोष शेतकऱ्याचा नाही. मी बोलतोय ते बालाघाटाच्या उतारावरच्या रानांबद्दल, पाटोदा, केज, धारूर, वडवणीकडच्या बरड आणि मध्यम जमिनींबद्दल. तिथं माती एका पुरात जात नाही, दरसाल थोडी थोडी जाते आणि मोठ्या पावसात एकदम उघडी पडते. पाऊस उघडल्यावर मी आमच्या शिवारात वरपासून वगळीपर्यंत चालत गेलो. जिथं बांध हातभर उंच होता आणि पाण्याला सांडव्यातून वाट होती, तिथं पिकाचं नुकसान असलं तरी जमीन शाबूत होती. जिथं बांध वीतभर राहिला होता तिथं पाणी वरून उडी मारून गेलं आणि कमरेइतकी घळ पाडून गेलं. आणि तिसरा प्रकार, बांध मजबूत पण सांडवाच नाही. तिथं पाणी तुंबलं, बांध मधोमध फुटला आणि सगळ्यात मोठं भगदाड तिथंच पडलं. म्हणजे नुसता बांध घालून भागत नाही, त्याच्याकडं दर वर्षी बघावं लागतं. हे 'दर वर्षी बघणं' कुठल्याच योजनेत बसत नाही, हाच माझा मुद्दा.

आता पैसा कशाला मिळतो ते बघू. मनरेगातून सिंचन विहिरीला २०२२ च्या शेवटी अनुदान ४ लाखांवर गेलं. मागेल त्याला सौर कृषी पंप घ्या, सर्वसाधारण शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, बाकी सरकार. ठिबकला अल्पभूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के. शेततळ्याला २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आलं तेव्हा जास्तीत जास्त ५०,००० होते, २०२२ साली ते ७५,००० केले. यातलं काहीच वाईट नाही. विहीर पाहिजे, पंप पाहिजे. पण ही यादी नीट वाचा. विहीर आणि पंप पाणी उपसायला. ठिबक उपसलेलं पाणी जपून वापरायला. जमिनीत पाणी मुरवणारा आणि माती धरून ठेवणारा जो आपला जुना बांध, त्याच्यासाठी या यादीत काय आहे?

शेततळ्याचं जरा सविस्तर बोलतो, कारण जलसंधारण म्हटलं की सगळे त्याच्याकडंच बोट दाखवतात. शेततळं म्हणजे पावसाचं वाहतं पाणी अडवून ठेवायचं आणि खंड पडला की एक-दोन पाणी द्यायचं. कल्पना चोख आहे. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात वीस-वीस दिवस पाऊस दडी मारतो, त्या वेळी सोयाबीनला एक पाणी मिळालं तर पीक वाचतं. पण गावोगाव झालं काय? तळ्याला प्लॅस्टिकचा कागद घातला, तळं जमिनीच्या वर भराव टाकून बांधलं, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी त्यात शिरायला वाटच नाही. मग दिवाळीच्या आधी बोअर आणि विहिरीचं पाणी उपसून त्यात भरलं. जमिनीखालचं पाणी, जे उन्हात आटत नाही आणि सगळ्या शिवाराचं असतं, ते वर काढून उघड्यावर ठेवलं. त्यातलं किती उन्हानं उडतं हे मार्च-एप्रिलात तळ्याच्या कडेची रेघ बघितली तरी कळतं. ज्याच्याकडं डाळिंब, मोसंबी आहे त्यानं बाग जगवायला हे केलं, त्याला मी दोष देणार नाही, बाग डोळ्यांदेखत वाळताना कुणाला बघवत नाही. पण याला सरकारदरबारी 'जलसंधारण' म्हणून नोंद आहे. शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर जानेवारीत खडखडीत झाली, त्याची नोंद कुठंच नाही.

बरं, बांधाचं काम झालंच नाही असंही नाही. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं, त्यात कंपार्टमेंट बंडिंगची कामं ढिगानं झाली. आमच्याकडं एका उन्हाळ्यात ओळीनं जेसीबी फिरले. त्याच सुमारास पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा आली, २०१६ च्या पहिल्याच साली आपला अंबाजोगाई तालुका त्यात होता, लोकांनी उन्हातान्हात श्रमदान करून सलग समतल चर खोदले. ते दिवस मला आठवतात, शाळेतली पोरंही घमेली घेऊन माळावर होती. पण मातीचं काम म्हणजे काही सिमेंटचं काम नव्हे. मातीचा बांध पहिल्या पावसाळ्यात खचतो, दुसऱ्या सालात उंदीर-घुशी बिळं करतात, तिसऱ्या साली नांगराचा फाळ कडेनं लागतो. चर गाळानं भरतात. पाच वर्षं हात लावला नाही तर काम झालं होतं हे नकाशावरच राहतं. जलयुक्तवर साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्च झाला, कॅगचा अहवाल २०२० साली विधिमंडळात आला आणि त्यावर बरंच राजकारण झालं. या बाजूनं बोलणारे एक बोलले, त्या बाजूचे दुसरं. मला त्या भांडणात पडायचं नाही. माझं म्हणणं एवढंच, की खोदायला पैसा होता, राखायला नव्हता, हे समजायला अहवाल लागत नाही. माळावर जाऊन चर बघून या.

या उन्हाळ्यात मी एका कार्यालयात सहज विचारलं, जुना बांध दुरुस्त करायला काही मिळतं का? तिथला पोरगा चांगला होता, माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काका, नवीन कामाचा प्रस्ताव टाका, होईल. जुन्याला हेड नाही." मी म्हटलं, "बाबा, बांध आहेच तिथं, नवीन कसा दाखवू?" तो हसला, म्हणाला, "मग गोठा घ्या काका." त्याची चूक नाही. त्याच्यासमोर जो फॉर्म उघडतो त्यात जेवढं आहे तेवढंच तो देणार. खरं तर मनरेगात अल्पभूधारकाच्या शेतावर बांधबंदिस्तीचं काम बसतं. पण ग्रामसभेच्या आराखड्यात बांध कोण लिहितं? विहीर लिहितात, गोठा लिहितात, कारण ते दिसतं, त्याच्यापुढं उभं राहून फोटो निघतो.

आता हिशोबाचं बोलू. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना तुम्हाला माहीत आहे. तलावातला गाळ काढून शेतात नेऊन टाकला तर अल्पभूधारकाला घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे मिळतात, एकरी १५ हजारांच्या मर्यादेत, अडीच एकरापर्यंत. म्हणजे माती वाहून आणायचा सरकारचा स्वतःचा दर आहे. एका एकरावर एक इंच मातीचा थर म्हणजे सुमारे १०३ घनमीटर होतात, आपल्या भाषेत ३६ ब्रास. सरकारी दरानं ते साडेतीन हजारांच्या वर जातं, आणि प्रत्यक्षात ट्रॅक्टरवाला त्यात येत नाही ते सोडून द्या. मग माझ्या रानातली एक इंच माती मी जागेवर राखली तर मी साडेतीन हजारांचं काम केलं की नाही? ती गेली असती तर कुठं गेली असती? वगळीतून ओढ्याला, ओढ्यातून तलावात. मग तलावात गाळ साचला म्हणून पोकलेन लावा, डिझेल जाळा आणि तीच माती परत माझ्याच शेतात आणून टाकायला मला अनुदान द्या. हे म्हणजे कणगीला भोक तसंच ठेवायचं आणि खाली सांडलेले दाणे वेचायला मजूर लावायचे.

कुणी म्हणेल, बांध तुझा, रान तुझं, राखायचं तर तूच राख, सरकारनं का पैसे द्यावेत? बरोबर आहे, माझ्या रानाचा फायदा मला होतोच. पण पाण्याचं तसं नाही. वरच्या रानात मी पाणी मुरवलं तर ते खालच्या विहिरीला उतरतं, गावाच्या आडाला उतरतं. उन्हाळ्यात गावाला टँकर एक महिना उशिरा लागतो, तो पैसा सरकारचाच वाचतो. माझ्या बांधाचा निम्मा फायदा दुसऱ्यांना आहे आणि खर्च सगळा माझा. जेसीबीचा तास आता हजार-बाराशेच्या पुढं गेलाय. सोयाबीन ज्या भावानं चाललंय त्यात बांधावर कोण खर्च करणार? बिचारा विचार करतो, औंदा राहू दे, पुढच्या साली बघू. असं दहा वेळा झालं की बांध जातो.

दुसरी अडचण पैसे ज्या पद्धतीनं मिळतात त्याची आहे. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून काम, मग मोका तपासणी, मग कधीतरी खात्यावर पैसे. आता लॉटरी जाऊन प्रथम येणाऱ्यास प्राधान्य आलं, आणि एप्रिलपासून शेतकरी ओळख क्रमांक लागतो. क्रमांक असायला हरकत नाही, कागदं कमी होतील. पण आधी पैसे घाला आणि मागून घ्या, हे ज्याच्याकडं आधी पैसे आहेत त्यालाच जमतं. ज्यानं शेकडा तीननं काढून ठिबक केलं आणि अनुदानाला दीड-दोन वर्षं लागली, त्याचं अनुदान व्याजातच गेलं. असे लोक प्रत्येक गावात सापडतील. मोठा शेतकरी वाईट आहे असं नाही, पण योजनेची रचनाच अशी की पाणी उताराला जावं तसं अनुदान त्याच्याकडंच जातं.

आणि आपल्या जिल्ह्याचं वेगळं दुखणं म्हणजे उसतोड. दसरा-दिवाळीला जोडपं बाहेर पडतं ते पाडव्याच्या आसपास येतं. त्यांची रानं बहुतेक वरच्या अंगाला, दीड-दोन एकर, सगळ्यात उताराची. म्हणजे माती सगळ्यात जास्त जिथून जाते ते रान याच लोकांचं. त्यांच्या मोका तपासणीला कोण थांबणार? ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येणार? फोन सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात असतो. २०१६ च्या शेततळ्याच्या योजनेत तर किमान ०.६० हेक्टरची अट होती, म्हणजे एकरवाला दारातूनच माघारी. शिवाय पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला. बटईनं किंवा ठोक्यानं जो प्रत्यक्ष कसतो, बांधाला माती तो लावतो, पण अर्ज मालकाचा. मालक पुण्याला. बटईवाला म्हणतो, मी कशाला दुसऱ्याच्या बांधावर घाम गाळू, पुढच्या साली रान मला देईल का नाही ठाऊक नाही. आणि घरच्या रानातसुद्धा बाईचं नाव सातबाऱ्यावर नसलं की ती कितीही राबली तरी ती लाभार्थी नाही.

बाहेर काय चालतं ते थोडं वाचलंय, तेवढं सांगतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात नांगरून नांगरून उघड्या पडलेल्या जमिनी वाऱ्यानं उडाल्या, धुळीची वादळं झाली. तेव्हा १९३५ साली त्यांनी मृदा संधारणाचं खातंच काढलं. पुढं १९८५ च्या कायद्यानं अशी योजना आणली की जी जमीन सहज धुपते ती शेतकऱ्यानं दहा ते पंधरा वर्षं पिकाखाली आणायची नाही, तिथं गवत-झाडं ठेवायची आणि सरकार दर वर्षी भाडं देणार. ते आपल्याला जसंच्या तसं चालणार नाही. दोन एकरवाल्यानं रान पडीक ठेवलं तर भाकरी कशाची खाणार? पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पैसा दर वर्षी मिळतो आणि तो राखण्याचा मिळतो, खोदण्याचा नाही. अमेरिका लांब राहिली, हरियाणात २०२० साली धानाऐवजी कमी पाण्याचं पीक घेणाऱ्याला एकरी ७,००० रुपये द्यायला सुरुवात झाली. म्हणजे वस्तूला नाही, शेतकऱ्याच्या वागण्याला पैसा देणं आपल्या देशातही होतं. आपल्याकडं परंपरागत कृषी विकास योजनेत सेंद्रियवाल्या गटांना तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० आहेत, त्यातले १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यावर. मग बांधालाच का नाही?

माझ्या डोक्यात जे आहे ते साधं आहे. उताराच्या जमिनीला एकरी वर्षाला २,००० रुपये राखण द्यावी. बांध किमान हातभर उंच, सांडव्याला दगड, पेरणी उताराला आडवी किंवा बीबीएफनं, आणि बांधावर गवत. एवढ्या चार गोष्टी बघायच्या. एकदा मृगाच्या आधी आणि एकदा सुगीला. ई-पीक पाहणी आपण २०२१ पासून मोबाईलवर करतोच, त्यातच बांधाचा एक फोटो जोडायची सोय करावी. गावातली चार माणसं आणि कृषी सहायक (आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात, काम तेच आहे) यांनी शिवारफेरी करून खरं-खोटं बघावं. पैसा कसणाऱ्याला द्यावा, बटईचा असेल तर निम्मा-निम्मा. १ लाख ४० हजारात या दरानं एका एकराची सत्तर वर्षांची राखण होते. एकदा खरडून गेल्यावर जेवढं द्यायचं म्हणता, त्यात नातवापर्यंत भागतं.

अजून एक सुचवतो, यावर हसू नका. सामाईक बांधाचा पैसा दोन्ही शेजाऱ्यांना मिळावा आणि बांध कोरलेला दिसला तर दोघांचाही बंद व्हावा. आपल्याकडं बांधावरून जेवढी डोकी फुटली तेवढी दुसऱ्या कशावरून फुटली नसतील. भावाभावांत बोलणं बंद आहे, तारखा चालू आहेत, आणि दर नांगरटीला ट्रॅक्टरवाला एक तास आत घेतोय. बांध सांभाळण्यात दोघांचा फायदा असला तर निदान ट्रॅक्टरवाल्याला दोन्हीकडून आवाज जाईल, "अलीकडून फिरव रे, बांध सोड."

यात खोटेपणा होणार नाही का? होणार. फोटो एका बांधाचा आणि गट नंबर दुसऱ्याचा, असलं चालेलच. पण शेततळ्यात झाला नाही का, ठिबकमध्ये नळ्या एका शेतात पसरून तीन शेतांचे फोटो निघाले नाहीत का? तरी त्या योजना कुणी बंद केल्या नाहीत, आणि करूही नयेत. बांधाचं एक बरं आहे, तो उचलून दुसऱ्या शेतात नेता येत नाही. पावसाळ्यात खोटा बांध स्वतःच वाहून जातो.

काळ्या भारी जमिनीत मात्र हे सरसकट लावू नये. गोदाकाठच्या खोल काळ्यात पाणी अडवलं तर चिबड होतं, तूर मर खाते, तिथं पाणी बाहेर काढायची सोय जास्त महत्त्वाची. तिथं राखण द्यायची तर चराची द्यावी. परभणीचं विद्यापीठ, अंबाजोगाई आणि खामगावची कृषी विज्ञान केंद्रं, यांच्याकडं जमिनीच्या प्रकाराप्रमाणं काय करावं याच्या शिफारशी आहेत. त्या पुस्तकात आणि मेळाव्यात राहिल्या. एकेका शिफारशीपुढं रुपये लिहिले असते तर शेतकऱ्यांनी त्या तोंडपाठ केल्या असत्या.

आता प्रश्न पुढच्या पाच महिन्यांचा आहे. मनरेगातून हेक्टरी ३ लाखांचं जे काम सांगितलंय, ते खरंच शेतात उतरणार असेल तर त्याचा आराखडा आत्ताच ग्रामसभेत लिहून घ्यावा लागेल, नाहीतर मार्चमध्ये कुणीतरी घाईनं जेसीबी फिरवेल आणि जूनच्या पहिल्या पावसात ते परत वाहून जाईल. माझी विनंती अशी, की त्या कामात माती भरण्यासोबत सांडव्याचं दगडकाम धरा. पैसे वाचवायला सगळ्यात आधी तेच कापतात. दगड शिवारातच पडलाय, नवीन आणायचा नाही, मजुरी तेवढी लागते. आणि ज्यांची घरं कुलूपबंद आहेत त्या उसतोडवाल्यांची रानं यादीत राहिली का, हे त्यांच्या भावकीनं बघावं.

या पानावर कृषीचे बरेच साहेब आणि शिकलेली पोरं आहेत. एकरी २,००० हा आकडा मी जेसीबीचे दीड तास आणि दोन माणसांचा एक दिवस धरून काढलाय. बरड जमिनीला तो कमी पडेल असं मला वाटतं. तुमच्या भागात एक एकराचे बांध दर वर्षी नीट ठेवायला खरोखर किती लागतात ते लिहा, तालुका आणि जमिनीचा प्रकार टाकून. दहा-वीस जणांचे आकडे आले तर पुढच्या ग्रामसभेत मी ते लेखी देणार आहे.